पडद्यापलीकडील विद्यार्थी

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा-महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि शिक्षण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येऊन बसले. तेव्हा तो आपद्धर्म होता. आज परिस्थिती निराळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांची नियमावली जाहीर केली. आपल्या शिवाजी विद्यापीठातही या शिक्षणासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तेव्हा असे शिक्षण असावे की नसावे, हा वाद आता मागे पडला आहे. ते कसे द्यावे, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यास कोल्हापूरकरांना फार दूर जावयास नको. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यापूर्वीच, १९०१ मध्ये, येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले होते आणि त्यामागून विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली होती. विद्येचे दार उघडले म्हणजे कर्तव्य संपले, असे महाराजांनी मानले नाही. खेड्यातून आलेल्या मुलास निवारा हवा, तसेच आस्थेने विचारपूस करणारे कोणी हवे, हे या वसतिगृहांमागील मर्म होय.

ऑनलाइन वर्गात नेमकी हीच उणीव राहते. व्याख्यान पोहोचते; पण ते ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी अध्यापकास दिसत नाही. गगनबावडा वा शाहूवाडीच्या डोंगराळ गावात संपर्क तुटला, अथवा दिवसभराच्या नोकरीने विद्यार्थी थकून गेला, तर त्याचे मौन आळसाचे की अडचणीचे, हेही उमगत नाही.

यावरील उपाय यंत्रांत नाही, अध्यापनाच्या पद्धतीत आहे. व्याख्याने लहान असावीत आणि त्यांची टिपणे अगोदर हाती पडावीत. दर आठवड्यास थोडे लेखी काम घ्यावे व ते शेऱ्यांसह परत करावे. पंचवीस-तीस विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक नेमावा आणि जो दोन आठवडे गप्प राहील, त्यास मार्गदर्शकाने स्वतः दूरध्वनी करावा.

एकच चित्रफीत हजारोंना दाखविता येते, म्हणून हे शिक्षण स्वस्त, असा हिशेब मांडणाऱ्यांना ही योजना महाग वाटेल. आमचे मत त्याविरुद्ध आहे. अध्यापकांची संख्या कमी करण्याचे साधन म्हणून जर ऑनलाइन शिक्षणाकडे पाहिले गेले, तर त्याची झळ प्रथम नोकरदार तरुणांना, संसारी स्त्रियांना आणि खेड्यातील मुलांना बसेल. म्हणजे ज्यांच्यासाठी ही सोय आहे, त्यांनाच. यास्तव तपासणी व विचारपूस यांत जाणारा वेळ अध्यापकांच्या कार्यभारात तासिकांप्रमाणेच धरला जावा, अशी आमची विद्यापीठास व शासनास सूचना आहे. अन्यथा पदवी घरपोच जाईल आणि विद्या मात्र वाटेतच राहील.