मागणीपत्राचा घाट आणि समीक्षेचे मौन

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात ‘व्यावहारिक मराठी’ आली तेव्हापासून साहित्याच्या अध्यापकांचा एक ठरीव विलाप ऐकू येतो : कवितेच्या तासाला आता पुस्तकविक्रेत्यास मागणीपत्र कसे लिहावे, हे शिकवायचे काय? ही भूमिका साहित्यनिष्ठेची वाटते; वस्तुतः तिच्यामागे साहित्यविचारातील आळस आहे.

हेच अध्यापक गद्याच्या इतिहासात अठराव्या शतकातील पत्रे मोठ्या आस्थेने शिकवतात. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळ पत्रे आपल्या काळी निव्वळ कामकाजाची होती : कर्ज, वसुली, फौज, तह. नाशिककरांना तर दूर जाण्याचेही कारण नाही. जवळच्या गंगापूर येथे राहून गोपिकाबाईंनी नातू सवाई माधवराव यांना दिनचर्येपासून कारभारापर्यंतच्या सूचना लिहून पाठवल्या. तेही प्रयोजनापोटी केलेले लेखनच. दोन शतकांपूर्वीचे व्यवहारपत्र वाङ्मयेतिहासात बसते आणि आजचे समीक्षेच्या दृष्टीसही पात्र ठरत नाही, याला कोणता निकष म्हणावा?

समीक्षेने पाठ फिरवली आणि पत्राची जागा नमुन्याने घेतली. उजव्या कोपऱ्यात ‘अ. ब. क.’, मग विषय, संदर्भ, ‘महोदय’ आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती’. रकाने भरले की गुण मिळाले. या पत्राला लिहिणारा नाही, वाचणारा नाही. दोघांमध्ये काही पणाला लागलेले नाही. नाशिकच्या वर्गात निफाड वा दिंडोरीहून येणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरी मात्र, द्राक्षे उचलून पैसे थकवणाऱ्या व्यापाऱ्यास पत्र लिहिण्याची वेळ खरोखरच आलेली असू शकते. माल किती, कोणत्या तारखेस दिला, भाव काय ठरला, बाकी किती, मुदत कोणती : हा त्या पत्राचा आशय, आणि या तपशिलांची मांडणी हाच त्याचा घाट. तिला आपण शिकवतो ती नम्र विनंती!

पेशवाईतील मायने श्रेष्ठ-कनिष्ठता उघडपणे सांगत. विज्ञापना करणारा कोण आणि आज्ञा देणारा कोण, हे आरंभीच कळे. आपली कार्यालयीन मराठी म्हणते, ‘कार्यवाही करण्यात येईल’. कर्ता नाहीसा होतो, सत्ता जागच्या जागी राहते. कादंबरीतील निवेदक कोण, याची पानेच्या पाने चिकित्सा करणाऱ्या समीक्षेला या चार अक्षरांआड दडलेला कर्ता दिसू नये?

१९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात स्थान दिले. २००५च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तर अर्जदाराला माहिती मागण्याचे कारण सांगण्यातून मोकळे केले आणि उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत घातली. कायद्याने अर्जदाराला नागरिक मानले. आपले वर्ग त्याला अजून याचकच घडवीत आहेत.

म्हणून मागणीपत्र वर्गाबाहेर घालवण्याची भाषा सोडून द्यावी. ते उलगडून दाखवायला आणि पुन्हा लिहवून घ्यायला साहित्याचाच अध्यापक हवा. संबोधन, सूर, वगळलेला शब्द, लपवलेला कर्ता ओळखण्याची विद्या त्याच्यापाशी आहे. ती केवळ कवितेसाठी राखून ठेवल्याने कवितेचे काही भले होत नाही; थकलेली बाकी मात्र थकलेलीच राहते.