पाला पडण्यापूर्वी

मराठी कुटुंब बदलीच्या निमित्ताने लखनौला जाते, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात एका शब्दाने फसते. शेजारीण सांगते, ‘‘आज रात पाला पडेगा.’’ आपल्याला वाटते, झाडाची पाने गळणार! पण उत्तरेत पाला म्हणजे गोठलेले दव, आपले दहिवर. एका रात्रीत टोमॅटो, मिरची आणि अंगणातली तुळससुद्धा काळी पडू शकते.

गोमतीच्या उत्तरेला अलीगंज आहे. ज्येष्ठातल्या ‘बडा मंगल’ला इथल्या जुन्या हनुमान मंदिरात मोठी गर्दी लोटते. या भागात ज्यांच्या घरापुढे वाफाभर जमीन किंवा गच्चीवर चार कुंड्या आहेत, त्यांच्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दोन महिने सोन्याचे. पावसाचा चिखल संपलेला असतो, उन्हाचा चटका ओसरलेला असतो आणि धुके अजून दूर असते. पहाटे पारिजातकाचा सडा पडतो. त्याला तिथे हरसिंगार म्हणतात. कोजागिरीला आपण मसाला दूध आटवतो, तर तिथे खीर चांदण्यात ठेवतात. दुसऱ्याच दिवशी त्यांचा कार्तिक सुरू होतो, आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी.

या दिवसांत मेथी, पालक, मुळा पेरावा. मेथी चार-पाच दिवसांत वर येते. धने मात्र हलके रगडून दोन फाकी करून पेरावेत; त्यांना दहा-बारा दिवस लागतात. गुलाबाची छाटणीही ऑक्टोबरातच करावी.

शेवंतीची गंमत वेगळीच. रात्री लांबू लागल्या की तिला कळ्या धरतात. म्हणून तिची कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली ठेवू नये. रात्रभर उजेड मिळाला तर फुले लांबतात. नदीपलीकडे सिकंदर बागेजवळ राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. तिथे डिसेंबरात भरणारे शेवंतीचे प्रदर्शन मुलांना अवश्य दाखवावे. काठीचा आधार किंवा शेंडे खुडण्याची गरज नसलेल्या शेवंतीच्या जाती याच संस्थेने तयार केल्या आहेत.

आता पाल्याची तयारी. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीतली ऊब रात्री झपाट्याने निघून जाते. हवेचे तापमान 3-4 अंश असले, तरी पानांवर दव गोठू शकते. अशा संध्याकाळी वाफ्याला हलके पाणी द्यावे. ओली माती ऊब अधिक धरते. नाजूक रोपांवर काठ्यांच्या आधाराने गोणपाट किंवा जुनी चादर घालावी व सकाळी ऊन आले की काढावी. प्लॅस्टिक पानांना चिकटू देऊ नये. कुंड्या भिंतीलगत, छज्जाखाली सरकवाव्यात. नोव्हेंबरनंतर युरिया देऊ नका. त्याने फुटलेली कोवळी पालवीच आधी करपते. करपलेल्या फांद्याही लगेच कापू नयेत. वसंतपंचमीच्या सुमारास नवी फूट कुठून येते ते पाहून मग कात्री लावावी. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या मात्र तुळशीच्या लग्नानंतर पुडीत बांधून ठेवा. रोप गेले, तरी फाल्गुनात बी पेरून पुन्हा तुळस उभी राहील.

ही सगळी तयारी एका रविवारची. उरलेले दिवस कशासाठी? खुरपे, झारी आणि खत यांच्या घाईत बागेत बसायचेच राहून जाते. जानेवारीत धुके दाटले की घरातल्या आजी-आजोबांना कित्येक दिवस ऊन दिसत नाही. खोलीचे दार आणि रजई एवढेच त्यांचे जग उरते. म्हणून आताच दुपारी अंगणात दोन खुर्च्या टाका. आजीच्या मांडीवर मेथीची जुडी द्या, आजोबांना वर्तमानपत्र, मुलांना फुलपाखरे मोजायला सांगा. गवत थोडे वाढले तर वाढू द्या. गवत पुढच्या आठवड्यातही कापता येईल, हे ऊन तेव्हा असेलच असे नाही.