धारवाल्याचं चाक

गाडी मी चालवत होतो, पण आवाज ऐकला आईने. मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, धारवाला विळी चाकाला लावतो ना, तसं काहीतरी वाजतंय."

मी रेडिओ बंद केला. वाजत होतं खरं.

पुढच्या आठवड्यात ताम्हिणी उतरून माणगावला जायचं होतं, म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने "सर, पावसाळ्यात नॉर्मल आहे" म्हणून ब्रेक धुतले, हवा मारली आणि बिल हातात दिलं. तसा तो अगदीच चुकला नव्हता. डिस्क बिडाची असते. रात्रभर पाऊस लागला की तिच्यावर गंजाचा पातळ थर धरतो आणि सकाळी पहिले दोन-चार ब्रेक करकरतात. मग पॅडच तो थर खरवडून काढतो आणि आवाज जातो. आमचा मात्र दुपारीही जाईना.

शेवटी नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. आई गाडीतच बसलेली. त्याने हत्यार उचलायच्या आधी विचारलं, "ब्रेक दाबल्यावर वाजतं की सोडल्यावर?"

मी आठवू लागलो. आई म्हणाली, "दाबला की गप्प बसतं. सोडला की पुन्हा सुरू."

"खर्र की चीं, आजी?"

"चीं. बारीक. डाव्या अंगाला."

त्याने सरळ पुढच्या डाव्या चाकाला जॅक लावला. माझ्या 'ब्रेकमधून आवाज येतो' या वाक्यात त्याच्या कामाचं काहीच नव्हतं. मराठीत आवाजांना इतके शब्द आहेत आणि गॅरेजात गेलो की आपण 'नॉइज' म्हणून मोकळे होतो!

खर्र असतं तर लायनर संपून लोखंडावर लोखंड घासतंय, म्हणजे डिस्कचाही खर्च. चीं म्हणजे अजून वेळ आहे. बऱ्याच पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. लायनर दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. किंचाळण्यासाठीच केलेला तो भाग. ब्रेक दाबला की पॅड घट्ट बसतो आणि ती कधीकधी गप्प होते. आईचं धारवाल्याचं चाक शब्दशः खरं निघालं.

"पण पॅड तर मी बघितले होते," मी म्हणालो. अलॉयच्या फटीतून टॉर्च मारून बघितले होते, निम्म्याहून जास्त शिल्लक.

"तो बाहेरचा, साहेब. आतला कुठं दिसतोय?"

त्याने कॅलिपर खोलला. आतल्या पॅडची जाडी नाण्याएवढी उरली होती. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातल्या एकीचं रबर फाटून आत पाणी गेलेलं. बोटाने सरकायला हवी ती पिन त्याने पकडीने पिरगाळून काढली, तर तांबूस भुकटी हातभर सांडली. कॅलिपर अडकला की पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच झिजत राहतो. पिन पॉलिश पेपरने घासली, ग्रीस भरलं, रबर नवं घातलं. पॅड जोडीने बदलतात, म्हणून उजव्या चाकाचेही गेले.

मग त्याने ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावून विचारलं, "हे कधी बदललंय?" मला आठवेना. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की तीच हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबून ते उकळलं की आत वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. चीं नाही, खर्र नाही, आईच्या कानालाही काही कळलं नसतं. ऑइल लगेच बदलून घेतलं.

ताम्हिणीत दुसऱ्या गिअरवर उतरत होतो. काचा खाली केल्या आणि प्रत्येक वळणावर कान टवकारले.

"आई, काही ऐकू येतंय का?"

"धबधबा," ती म्हणाली. "गाडी गप्प आहे. तूही राहा."