आधी माळ वाचवा



नामशेष प्राणी क्लोनिंगने परत आणावेत, हे आपल्या वृत्तपत्रातील एका पत्रलेखकाचे मत मला पटत नाही. भारतातून 1952 मध्ये नामशेष घोषित झालेला चित्ता क्लोनिंगने घडवण्याची योजना हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने आखली होती. इराणने आशियाई चित्त्याच्या पेशी देण्यास नकार दिला आणि ती थांबली. पेशी मिळाल्या असत्या तरी काय झाले असते? स्पेनमध्ये 2003 साली ‘बुकार्डो’ या नामशेष रानबकरीचे क्लोन केलेले पिल्लू जन्मले आणि फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच दगावले. नामशेष जात परतली म्हणून 2025 मध्ये गाजलेले ‘डायर वुल्फ’ हे जनुकांत फेरफार केलेले करडे लांडगेच आहेत. एका प्राण्याच्या पेशींतून त्याच्याच प्रती निघतील. जातीचे जनुकीय वैविध्य आणि शिकार शिकवणारी आई कुठून आणणार?

तंत्र सुधारेल, हे मान्य. माणसाने संपवले ते माणसानेच परत द्यावे, ही तळमळही खरी आहे. राजस्थानात 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोक पक्ष्याचे पिल्लू जन्मले, याचा मला मनापासून आनंद आहे, कारण तिथे विज्ञान जिवंत जातीला हात देत आहे. पण अशी पिल्ले उद्या सोडायची कुठे? सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातही माळढोक आता क्वचितच दिसतो. मराठवाड्यातल्या ज्या गवताळ माळांवर काळवीट आणि लांडगे जगतात, त्यांना आपण पडीक म्हणून मोकळे होतो. जालना जिल्ह्यातील ग्रामपंचायतींनी आणि वनविभागाने उरलेली गायराने राखावीत, त्यांवरील अतिक्रमणे रोखावीत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, जालना