हिरवा दिवा आणि हरवलेला ‘नाही’

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या सोसायटीचा जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर एकच वाक्य कानी पडते, ‘‘हॅलो, ऐकू येतंय का?’’ कॅलिफोर्नियात त्या वेळी शनिवारची रात्र असते. तिकडे मुलगा-सून मोकळी झालेली असतात, इकडे आजी-आजोबा चहा आटोपून, मोबाईल फुलदाणीला टेकवून बसलेले असतात. दहा मिनिटांतली तीन मिनिटे ‘ऐकू येतंय का’मध्ये जातात, दोन नातवाचा गोठलेला चेहरा पाहण्यात. कॉल संपला की पडद्यावर पाच चांदण्या उमटतात आणि आजी निमूटपणे पाचवीवर बोट ठेवते. फुकट मिळते आहे, त्याला नावे कशाला ठेवायची?

या चांदण्यांशी माझे पोट बांधलेले आहे, म्हणून हा लेख. तीस वर्षांहून अधिक काळ टेलिफोन खात्यात काढल्यानंतर मी पुण्यातल्या एका लहान कंपनीत गेलो. इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलचा दर्जा चोवीस तास तपासत राहणे हे तिचे काम. ‘‘म्हणजे तुम्ही लोकांचे फोन ऐकता?’’ असा प्रश्न मला लग्नाच्या पंक्तीत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर आधी देतो.

इंटरनेटवर आपले बोलणे अखंड जात नाही. त्याचे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे काप होतात, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक काप एका पाकिटात जातो आणि पाकिटावर अनुक्रमांक व वेळ लिहिलेली असते. ही रीत १९९६ सालीच ठरली. पाकिटे सुटी प्रवास करतात. काही वाटेत गळतात, काही उशिरा पोचतात. उशिरा आलेल्या पाकिटाचा उपयोग लग्न लागून गेल्यावर आलेल्या अक्षतांइतकाच. आम्ही फक्त अनुक्रमांक आणि वेळ पाहतो. पोस्टमनने पत्र न उघडता शिक्क्यावरून टपालाची चाल ओळखावी, तसे हे काम आहे. आत काय लिहिले आहे ते आम्हाला कळत नाही आणि कळूही नये.

या नोंदींवरून प्रत्येक कॉलला एक ते पाच असे गुण मिळतात. त्याची मूळ पद्धत साधी आहे. शांत खोलीत माणसे बसवायची, त्यांना वाक्ये ऐकवायची, ‘वाईट’ ते ‘उत्तम’ अशी एक ते पाचांत मते घ्यायची आणि सरासरी काढायची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९६ साली या कसोटीचे नियम पक्के केले. पुढे माणसांच्या ऐवजी गणिताने तेच गुण काढण्याची सूत्रे आली. आमच्याकडे चारच्या वर गुण गेले की पडद्यावर हिरवा दिवा. हिरवे दिवे जितके जास्त, तितके आमचे ग्राहक खूष आणि आम्हीही.

एका घटनेने या खुषीला तडा गेला. आमचा एक खासगी ग्राहक घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देत असे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून सत्तरी ओलांडलेल्या बाई डॉक्टरांशी बोलल्या. डॉक्टर म्हणाले, ‘‘रक्तदाबाची जुनी गोळी आता घ्यायची नाही.’’ बाईंना ऐकू आले, ‘‘जुनी गोळी आता घ्यायची.’’ नवी सुरू, जुनीही सुरू. संध्याकाळी सून कामावरून आली, तिने मोबाईलवर आलेला कागद वाचला. त्यावर जुनी गोळी ‘बंद’ असे स्पष्ट होते. डोस चुकला तो एकच, आणि त्याने काही बिघडले नाही. पण तिने तक्रार केली, ती फिरत फिरत आमच्या टेबलावर आली. आम्ही त्या कॉलची नोंद काढली. अकरा मिनिटांचा कॉल, गुण ४.२, दिवा हिरवागार!

मग पाकिटे मोजली. अकरा मिनिटांत तेहतीस हजार पाकिटे. त्यांतली चोवीस गळलेली, म्हणजे हजारात एकसुद्धा नाही. पण ती सगळी सलग गेली होती, शेवटच्या मिनिटात, औषधे सांगून होत असताना. चोवीस पाकिटे म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात ‘नाही’ हा शब्द आरामात बसतो.

इथे आपल्या भाषेचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो. मराठीत तो बहुधा वाक्याच्या शेपटाशी असतो. ‘उपाशीपोटी घ्यायची नाही’, ‘पैसे भरू नका’, ‘आज येऊ नकोस’. शेपूट तुटले तरी उरलेले वाक्य धडधाकट राहते, फक्त अर्थ उलटा होतो. त्यात यंत्राची चलाखी आणखी भर घालते. पाकीट गळले की आधीचाच आवाज थोडा ओढून जागा भरायची आणि मग तो हळूहळू विझवायचा, अशी योजना फोनमध्ये असते. खरखर होत नाही, तुटल्यासारखे वाटत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, वाक्य संपले.

दर्जा मोजण्याच्या या साऱ्या उद्योगाविषयी माझे म्हणणे त्या दिवशी ठरले. कॉलची सरासरी ही चालवणाऱ्याच्या सोयीची असते. ऐकणाऱ्याचे नुकसान होते ते कॉलमधल्या सर्वांत वाईट क्षणी. म्हणून मोजायचा तो क्षण, आणि मोजायचा तो ऐकणाऱ्याच्या घरात.

आम्ही तीन बदल केले. सरासरीच्या शेजारी प्रत्येक कॉलमधले सर्वांत वाईट पाच सेकंद दाखवायला सुरुवात केली. तेही ठीक असतील तरच हिरवा दिवा. दुसरे, आमची तपासणी यंत्रे मुंबईतल्या वातानुकूलित सर्व्हर-खोल्यांत होती, तिथे कायम वसंत ऋतू असतो. आम्ही ओळखीपाळखीच्या घरांत, त्यांच्या संमतीने, लहान यंत्रे बसवली आणि रात्री आठ ते दहा ही वेळ मुद्दाम धरली. तिसरे, प्रत्येक लाल दिव्यासमोर एका माणसाचे नाव लिहिणे सक्तीचे केले. ताप मोजल्याने ताप उतरत नाही. औषध देणारा कोण, हे ठरलेले असावे लागते.

घरांतल्या यंत्रांनी आमचे डोळे उघडले. कॉल अडखळला की आपण अंतराला दोष देतो. पण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पुण्याहून कॅलिफोर्नियापर्यंत, केबलची वळणे धरूनही, एका बाजूचा प्रवास दहाव्या हिश्शाच्या सेकंदाच्या आसपास होतो. दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणांत जाणवत नाही, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. साता समुद्रांपेक्षा मोठा अडथळा आम्हाला अनेकदा दिवाणखान्यातच सापडला. धाकटा भाऊ लग्नाचा व्हिडिओ चढवत असतो, राउटरपुढे पाकिटांची रांग लागते आणि आजीचा ‘हॅलो’ त्या रांगेत शेवटी उभा राहतो.

हे बदल सर्वांना रुचले नाहीत. एका रात्रीत हिरव्या पडद्यावर लाल ठिपके उमटले. ‘‘कालपर्यंत सगळं छान होतं, तुमचा थर्मामीटर बिघडलाय,’’ असे एका ग्राहकाने सुनावले आणि तो दुसरीकडे गेला. त्याचा पडदा पुन्हा हिरवा झाला असेल. त्याच्याकडून बोलणाऱ्यांचे काय झाले असेल, याचा विचार मात्र अधूनमधून छळतो.

सरकारी पातळीवर गाडी थोडी हलली आहे, हे नमूद केले पाहिजे. पूर्वी मोबाईल सेवेचा दर्जा परिमंडळाच्या तिमाही सरासरीने पाहिला जाई. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ. पणजी आणि गडचिरोली एकाच सरासरीत! ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनी हिशेब तिमाहीवरून महिन्यावर आणि अधिक बारीक पातळीवर नेण्याची दिशा धरली. चांगलेच झाले. पण हे नियम दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यापुरते आहेत. ज्या ॲपवरून आजी नातवाला पाहते, त्याच्या कॉलचा दर्जा यांत येत नाही.

फुकटच्या गोष्टीला नियम कशाला, असे कोणी म्हणेल. आजी-नातवाच्या गप्पांपुरते ते ठीक होते. पण आज डॉक्टर, बँक, शाळा सारेच त्या वाटेने बोलतात. २०१९ साली सुरू झालेल्या सरकारच्या ई-संजीवनीवरून आजवर कोट्यवधी सल्ले दिले गेले आहेत. निदान जिथे औषध आणि पैसा यांचे बोलणे होते, तिथे सेवा चालवणाऱ्याने आपल्या कॉलचे वाईटातले वाईट क्षण जाहीर करावेत, आणि आवाज गळला की त्याच क्षणी दोघांच्याही पडद्यावर ‘शब्द सुटला, पुन्हा सांगा’ अशी सूचना उमटवावी. यात अवघड काही नाही. पाकिटांवर क्रमांक असतात, कोणते गळले हे फोनला ठाऊक असते. तो आपल्याला सांगत नाही, एवढेच.

ट्रंक कॉलच्या काळात जोडणी देऊन झाल्यावर आमच्या एक्स्चेंजमधल्या ज्येष्ठ ऑपरेटर बाई क्षणभर लाईनवर थांबत. ‘‘बोला, पार्टी लाईनवर आहे. नीट ऐकू येतंय ना?’’ असे विचारून मगच कळ सोडत. तो प्रश्न विचारणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. आता तोच प्रश्न आजी स्वतः विचारते, दर रविवारी, दहा मिनिटांत सात वेळा. ते यंत्राचे काम आहे. यंत्र ते करू लागेपर्यंत आपण एवढे तरी करावे: डॉक्टरांनी सांगितलेले त्यांना पुन्हा म्हणून दाखवावे आणि आवाज तुटला असेल, तर पाचव्या चांदणीवर बोट ठेवू नये.