परसातल्या बदकांचा नर कोण निवडतो?

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या उली या गावात, एकोणिसावं शतक सरत असताना, ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाई परसात बदकं पाळत. त्यांच्याकडच्या ‘इंडियन रनर’ जातीच्या एका मादीने १९६ दिवसांत १८२ अंडी दिली. अंड्यांना अशी खणखणीत, पण अंगाने काटकुळी. घरच्यांना खाऊ घालायचं तर तिच्या पिल्लांच्या हाडांवर मांस नव्हतं. बाईंनी तिला रुआँ या थोराड फ्रेंच जातीचा नर लावला, पुढे रानबदकाचंही रक्त आणलं आणि १८९८च्या सुमारास नवी जात लोकांपुढे ठेवली. रंग सुधारावा म्हणून पुन्हा एकदा रनरशी संकर केला, तेव्हा पिल्लं निघाली मातकट. बोअर युद्धाचा तो काळ, ब्रिटिश शिपायांचे गणवेश त्याच रंगाचे. ‘खाकी कॅम्पबेल’ हे नाव तिथलं. (रनर बदकांचा मात्र भारताशी काही संबंध नाही. ती जावा, बाली, लोंबोककडची. गोऱ्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडचं सगळंच ‘इंडियन’ वाटे.)

खाद्य आणि निगा चांगली असेल, तर खाकी कॅम्पबेलची मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. ही जात विद्यापीठात घडली नाही, सरकारी प्रक्षेत्रावरही नाही. एका घराच्या मागच्या अंगणात घडली. त्या अंगणात एक गोष्ट पक्की होती. कुठल्या मादीला कुठला नर लावला आणि त्यातून काय निघालं, याचा हिशेब बाईंकडे होता. आपल्याकडच्या परसातल्या बदकपालनात नेमका हाच हिशेब नसतो आणि तो नसल्याची खंत ना पाळणाऱ्याला असते, ना पिल्लं वाटणाऱ्या यंत्रणेला.

बदकं म्हटलं की आसाम, पश्चिम बंगाल आणि केरळ डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्र कोंबडीचा प्रांत. कोकणात भाताची खाचरं आहेत, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत भातही आहे आणि मालगुजारी काळातले मामा तलावही आहेत, तरी बदक तिथे हौसेपुरतंच. वास्तविक हा पक्षी गरिबाघरच्या सोयीचा. कापणीनंतर खाचरात सांडलेले दाणे, किडे, गोगलगायी, पाणवनस्पती यांवर त्याचं बरंचसं भागतं. मादी बहुतेक अंडी पहाटे घालते. सकाळी नऊपर्यंत खुराड्यात कोंडून ठेवलं, की अंडी शोधत बांधाबांधाने हिंडावं लागत नाही. पोहायला तळं असलंच पाहिजे असंही नाही. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल आणि धुता येईल एवढं खोल भांडं पुरतं. त्यामुळे परसबागेच्या योजनांत कोंबडीच्या जोडीला बदकाचाही विचार व्हावा, ही मागणी रास्त आहे. पण कोंबडीबाबत झाली तीच चूक इथे नको.

ती चूक अशी की मादी किती अंडी देते यावर सगळा भर, आणि नराकडे कुणाचं लक्ष नाही. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. म्हणजे बारा माद्यांच्या कळपात दोन नर. पुढच्या पिढीच्या रक्तातला अर्धा वाटा त्या दोघांचा, उरलेला अर्धा बाराजणींचा. इतका मोठा वाटा असलेला नर निवडला कसा जातो? बहुतेक ठिकाणी तो निवडला जातच नाही, उरतो. सणासुदीला किंवा बाजाराच्या दिवशी अंगाने भरलेला, चपळ नर आधी जातो, कारण त्याचे पैसे चांगले येतात. जो कुणी घेत नाही तो मागे राहतो आणि बाप होतो. चार-पाच वर्षं हेच चाललं की कळप आपोआप खुजा होतो. त्यात नर आणि माद्या एकाच उबवणीतली भावंडं असली, तर अंडी फुटण्याचं प्रमाण घटतं, अशक्त पिल्लं निघतात. मग दोष खाद्याला आणि हवेला दिला जातो.

यावरचा सरकारी उपाय बाहेरून रक्त आणण्याचा. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारचं बदक पैदास प्रक्षेत्र आहे. खाकी कॅम्पबेल आणि व्हाइट पेकिन या जाती अशा प्रक्षेत्रांतूनच खेड्यापाड्यांत पोहोचल्या. त्यात गैर काही नाही. आसामची ‘पाती’ बदकं वर्षाला शंभरसुद्धा अंडी देत नाहीत. त्यांना खाकी नर लावला तर पहिल्या पिढीतल्या माद्या आईपेक्षा पुष्कळ जास्त अंडी देतात आणि संकराचा जोम म्हणतात तो असल्याने काटकही निघतात. पाळणारा खूश होतो. खरी अडचण इथून पुढे सुरू होते.

खूश झालेला माणूस त्या संकरित माद्यांना पुन्हा खाकी नर लावतो. पहिल्या पिढीत खाकीचं रक्त निम्मं, दुसरीत पाऊण, तिसरीत सात-अष्टमांश. चौथ्या पिढीत गावठी रक्त उरतं सोळा भागांतला एक, म्हणजे सव्वासहा टक्के. बदक वर्षभरात अंड्यावर येतं, तेव्हा हा सगळा प्रवास चार-पाच वर्षांत पुरा होतो. नुसती अंडी मोजली तर ही प्रगतीच. पण त्या सव्वासहा टक्क्यांत एक गुण जवळजवळ संपलेला असतो. तो म्हणजे खुडूक होण्याचा.

खाकी कॅम्पबेलची मादी सहसा खुडूक बसत नाही. बसत नाही म्हणूनच ती इतकी अंडी देते. बसली तर अठ्ठावीस दिवस उबवण आणि त्यापुढे पिल्लं सांभाळणं, एवढ्या काळात अंडी बंद. वैज्ञानिकाच्या वहीत खुडूक होणं हा तोटा आहे. बारा बदकं पाळणाऱ्या बाईच्या अंगणात तोच गुण म्हणजे फुकटचं उबवणी यंत्र, विजेशिवाय चालणारं, पिल्लांना चरायला शिकवणारं. तो गेला की दर वर्षी पिल्लं विकत आणणं आलं. उबवणी केंद्र दूर असेल आणि वाहतुकीत निम्मी पिल्लं मेली तरीही. कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची युक्ती जुनी आहे, चालतेही. मात्र त्यासाठी घरात खुडूक बसणारी गावठी कोंबडी उरलेली हवी. ‘सुधारित’ कोंबड्यांच्या वाटपानंतर तीही दुर्मीळ होत चालली आहे.

संकर करूच नये असा याचा अर्थ नाही. शुद्धतेचं स्तोम माजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की मस्कोव्ही हे अमेरिकेतलं बदक सोडलं तर जगातली झाडून सगळी पाळीव बदकं हिरव्या डोक्याच्या एकाच रानबदकाची, मॅलार्डची, प्रजा आहेत आणि आजची प्रत्येक नावाजलेली जात कधीतरी कुणीतरी निवड किंवा संकर करूनच घडवली आहे. मुद्दा एवढाच की संकराची पिल्लं अंडी-मांसासाठी ठेवावीत, वंशासाठी नाही. संकरित नर आणि संकरित मादी यांच्या पोटी काय येईल याचा भरवसा नसतो. एक आजीवर जाईल, दुसरं आजोबावर, तिसरं दोघांचेही अवगुण घेऊन येईल. म्हणून एका कोपऱ्यात गावठी माद्या आणि गावठी नर यांचा छोटा कळप निराळा राखायचा आणि पहिल्या पिढीचा संकर हवा तेव्हा त्यातल्याच माद्यांपासून घ्यायचा.

तैवानमध्ये हे व्यवस्थित रुजलं आहे. तिथे त्साइया या छोट्या, अंडी देणाऱ्या देशी जातीच्या मादीला आधी पेकिन नर लावतात. त्यातून आलेल्या मादीला मस्कोव्ही नर. तिसऱ्या टप्प्यावरचं बदक खाण्यासाठीच असतं आणि ते नापीक असतं, त्यामुळे चुकूनसुद्धा वंशात शिरत नाही. फ्रान्समध्ये ‘फ्वा ग्रा’ या यकृताच्या पदार्थासाठी ज्यांच्या घशात बळेबळे दाणे कोंबतात, तीही बहुतेक याच मस्कोव्ही संकराची बदकं. त्या पदार्थाच्या आयातीवर भारताने २०१४ मध्ये बंदी घातली, ते योग्यच झालं.

मस्कोव्ही मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, तोंडावर लाल मांसल गाठी असलेलं, मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा नर असलेलं निराळंच बदक. आसामात त्याला ‘चिना हांह’ म्हणतात. मिश्र कळपात असा नर मोकळा सोडला, तर साध्या माद्यांच्या अंड्यांत घोटाळा होतो. साध्या बदकाचं अंडं २८ दिवसांत फुटतं, मस्कोव्हीचं ३५ दिवसांत, संकराचं या दोन्हींच्या मधे कधीतरी. अठ्ठाविसाव्या दिवशी काही हललं नाही म्हणून फेकलेल्या अंड्यात जिवंत पिल्लू असू शकतं. आणि पुढच्या वर्षी ‘ही दिसायला राजबिंडी बदकं अंडी का देत नाहीत, दिली तर फुटत का नाहीत’ असा प्रश्न पडतो. खेचरासारखी ती वांझ असतात, हे विकणाऱ्याने सांगितलेलं नसतं.

हौशी लोकांचा आणखी एक लाडका प्रकार म्हणजे तुरेवालं बदक. डोक्यावर पिसांचा गोंडा, फोटोला छान. या तुऱ्याचं जनुक आई-बाप दोघांकडून आलं तर पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणजे तुरेवाला नर तुरेवाल्या मादीला लावला, की सरासरी चारांतलं एक अंडं फुकट. जी जगतात त्यांच्यातही काहींना मेंदूचे दोष असतात, तोल सांभाळता येत नाही. शोभेचे पक्षी विकणाऱ्या दुकानांतून हे सांगणं सक्तीचं करायला हवं.

हेतू ठरवून केलेला संकर शेतीत किती कामाला येतो, हे जपानच्या फुकुओका भागातल्या ताकाओ फुरुनो यांनी दाखवून दिलं. १९८८ पासून ते भातखाचरात ‘आइगामो’ सोडू लागले. आइगामो म्हणजे रानबदक आणि पाळीव बदक यांचा संकर: अंगाने लहान, त्यामुळे रोपं तुडवली जात नाहीत, रानाचं रक्त असल्याने दिवसभर हालचाल चालू. तण आणि किडे त्यांच्या पोटात, विष्ठा खाचरात. लोंब्या धरू लागल्या की बदकं बाहेर काढायची, नाहीतर पीकच फस्त व्हायचं. कोकणातल्या खाचरांत हे करून पाहण्याजोगं आहे. मराठवाड्यात २०२२च्या पावसाळ्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाल्ली. गोगलगाय खाणारा पक्षी म्हणून अशा वेळी बदकाचं नाव सुचणं साहजिक आहे. पण कोरडवाहू रानात पाण्याची सोय नसताना बदकांचे थवे सोडणं हा कागदावरचाच उपाय, हे स्पष्ट म्हटलेलं बरं.

रानबदकाचा विषय निघाला आहे तर त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. न्यूझीलंडमध्ये शिकारीसाठी म्हणून मॅलार्ड आणून सोडले गेले. त्यांनी तिथल्या मूळच्या करड्या बदकाशी इतका संकर केला की आज निर्भेळ करडं बदक शोधावं लागतं. महाराष्ट्राच्या तलावांवर बारमाही राहणारं हळदी-कुंकू बदक मॅलार्डचं जवळचं नातेवाईक आहे आणि या दोघांत संकर होऊ शकतो. त्यामुळे नकोसे झालेले नर ‘जाऊ दे, सुखाने जगतील’ म्हणून गावतळ्यात किंवा शहरातल्या उद्यानाच्या तळ्यात सोडून देणं ही भूतदया नाही. ते खावेत, विकावेत किंवा कुणाला द्यावेत.

रोगाचं भय खोटं नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. २०१४च्या नोव्हेंबरात केरळच्या कुट्टनाड भागात तो बदकांत शिरला आणि सुमारे दोन लाख पक्षी मारावे लागले. बदकात हा विषाणू कधी कधी लक्षणांशिवाय राहतो आणि शेजारच्या कोंबड्यांना मारतो. तेव्हा दोन्ही पक्ष्यांचं पाणी आणि खुराडं वेगळं हवं. बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड तर बदकाला विषच. १९६० साली इंग्लंडमध्ये अशा पेंडीने टर्कीची लाखभर पिल्लं दगावली, त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. आणि पुढे हे विष ओळखायला बदकाचं एक दिवसाचं पिल्लू वापरू लागले, इतकं ते नाजूक.

आता धोरणाकडे. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुट प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल २५ लाख रुपये अनुदान मिळतं, पण त्यासाठी किमान एक हजार पक्ष्यांचा मातृकळप लागतो. बारा बदकं पाळणारी बाई त्यात कुठेच बसत नाही. तिला लाखांची गरज नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून दर दोन वर्षांनी रक्ताच्या नात्यात नसलेला, चांगल्या आईचा एक नर बदलून मिळाला, तरी तिचं भागेल. नर स्वतः अंडी देत नाही, म्हणून त्याची परीक्षा आईच्या वहीवरून. पायात रंगीत कडं घातलेल्या माद्यांनी सकाळी किती अंडी दिली, हे बचत गटातली शाळेत जाणारी मुलगीसुद्धा लिहू शकते. आसामची पाती, बिहारची मैथिली अशा देशी जातींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने केली आहे. कुट्टनाडची चारा आणि चेंबल्ली बदकं तर गावठी असूनही अंड्यांना चांगली. महाराष्ट्रातल्या भातपट्ट्यात बदकवाटप करायचंच असेल, तर पिल्लांच्या पेटीबरोबर एक चिठ्ठी जावी: यातली पैदाशीची कोणती, खायची कोणती, आणि नर कधी बदलायचा.