उपकाराची बेडी

गेल्या महिन्यात पुतण्याने एक जाडजूड इंग्रजी कादंबरी माझ्या हातात ठेवली. "काका, तुम्ही नुसते वैचारिक वाचता. हे वाचा, यातही गुलामगिरीच आहे." पुस्तक 'स्टार वॉर्स' या अमेरिकन चित्रपटमालिकेवर बेतलेले. अंतराळयाने, तारे, लढाया! चळवळीच्या माणसाने असल्या करमणुकीत वेळ का घालवावा, असा प्रश्न मलाही पडला. पण तात्यासाहेब फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा ती निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली होती. दास्य कुठलेही असो, ते समजून घ्यायची आपली जुनी परंपरा आहे. म्हणून वाचायला बसलो आणि दोन रात्रींत पुस्तक संपवले.

'डार्क फोर्स रायझिंग' ही टिमथी झान यांची 1992 ची कादंबरी. तीन भागांतला हा मधला भाग. पहिला 'एअर टू द एम्पायर' 1991 चा आणि शेवटचा 'द लास्ट कमांड' 1993 चा. 1983 साली चित्रपटमालिकेचे पहिले पर्व संपले होते. त्यानंतर थंडावलेला लोकांचा ओढा याच पुस्तकांनी पुन्हा जागा केला, असे मानले जाते. चित्रपटात सम्राट मरतो आणि साम्राज्य मोडते. कादंबरी त्यानंतर पाच वर्षांनी सुरू होते. साम्राज्याचा उरलेला सेनापती थ्रॉन पुन्हा चाल करून येतो. हा थ्रॉन मोठा हुशार. शत्रूला जिंकण्याआधी तो त्या समाजाची चित्रे, शिल्पे अभ्यासतो. समाजाची कला समजली की त्याची दुखरी नस सापडते, असा त्याचा हिशेब.

पण माझे लक्ष थ्रॉनपेक्षा त्याच्या पायाशी राबणाऱ्या नोगरी नावाच्या जमातीने वेधले. लढाईत निष्णात, शब्दाला जागणारे हे लोक. त्यांच्या होनोगर ग्रहाजवळ अंतराळात युद्ध झाले, एक जहाज कोसळले आणि जमीन विषारी झाली. लोक उपाशी मरू लागले. तेव्हा साम्राज्याचा सरदार डार्थ व्हेडर मदत घेऊन आला. अन्न आले, औषधे आली, जमीन शुद्ध करणारी यंत्रे आली. नोगरींनी कृतज्ञतेने शपथ घेतली की या उपकारासाठी आमची मुले साम्राज्यासाठी लढतील, मारतील आणि मरतील. पिढ्या गेल्या. मुले मरत राहिली, जमीन मात्र नापीकच राहिली.

का राहिली? व्हेडरची मुलगी लेया, जी स्वतः साम्राज्याविरुद्ध लढते आहे, ती होनोगरला जाते आणि कारण शोधून काढते. यंत्रे शुद्धीकरणाचे सोंग करीत होती. दुसरे काही उगवू न देणारे गवत साम्राज्यानेच तिथे पेरले होते. जमीन पिकली असती तर ऋण फिटले असते. ऋण फिटले असते तर गुलाम मोकळे झाले असते. म्हणून जमीन पिकू द्यायची नव्हती!

वाचकहो, इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ही कहाणी कुठे तरी ऐकलेली वाटत होती. महार वतन आठवले. जमिनीचा एक तुकडा आणि थोडे बलुते, त्याच्या बदल्यात सरकारची आणि गावाची अष्टौप्रहर चाकरी. पोट भरेल इतके द्यायचे नाही आणि सुटून जाता येईल इतकेही द्यायचे नाही. वर 'आम्ही तुम्हाला वतन दिले' हा तोरा! बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले, ते याच कारणाने. वतन ही मिरवण्याची गोष्ट नसून गळ्यातली बेडी आहे, हे त्यांना आपल्याच माणसांना पटवून द्यावे लागले. ती बेडी कायद्याने तुटायला 1958 साल उजाडले.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला दिला होता. आयुष्यभर देशसेवा करणाऱ्यांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण कृतज्ञतेला मर्यादा असते. स्वाभिमान गहाण टाकून कोणी माणूस आणि स्वातंत्र्य गमावून कोणते राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही, असा त्याचा आशय. नोगरींच्या कहाणीचे सारे मर्म या विचारात आहे. कृतज्ञता हा सद्गुण आहे. म्हणूनच ती सर्वांत मजबूत बेडी होऊ शकते. साखळदंडाचा राग येतो, उपकाराचा येत नाही.

या कादंबरीचे दोषही सांगितले पाहिजेत. नोगरी लेयाचे ऐकून घेतात ते आधी पुराव्यामुळे नव्हे. ती व्हेडरची मुलगी आहे हे ते वासावरून ओळखतात, म्हणून. म्हणजे सत्यालाही आधी वंशाचा दाखला दाखवावा लागला! सत्य कळल्यावर ते साम्राज्याशी नाते तोडतात, हे खरे. पण पुढच्या भागात तेच नोगरी लेयाच्या पहाऱ्याला उभे राहतात. एका घराण्याची चाकरी सुटली, त्याच घराण्याच्या लेकीची सुरू झाली. आणि थ्रॉनचा शेवट होतो तो त्याच्याच नोगरी अंगरक्षकाच्या, रुखच्या खंजिराने. साऱ्या जगाची कला वाचणाऱ्याला मागे उभ्या असलेल्या माणसाचे मन वाचता आले नाही. वाचायला हे थरारक आहे. पण खंजिराने सूड मिळतो, जमीन पिकत नाही. आपला मार्ग बुद्धाचा आणि संविधानाचा आहे, आणि आपल्याला कुणा राजकन्येची वाट पाहायची नाही.

आणखी एक गोष्ट. 2012 साली डिस्नेने ही मालिका विकत घेतली आणि 2014 साली या जुन्या कादंबऱ्या अधिकृत कथेबाहेर काढल्या. पुढे 2016 साली 'रेबल्स' आणि 2023 साली 'अहसोका' या मालिकांमध्ये थ्रॉन परत आला. नोगरींच्या फसवलेल्या जमिनीची कहाणी मात्र या दोन्ही मालिकांत आली नाही. सेनापतींना परत बोलावले जाते, गुलामांच्या कहाण्या मागेच राहतात. म्हणून तरी ही जुनी पुस्तके वाचावीत.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. पुढारी समाजमंदिर बांधून देतो आणि पंधरा वर्षे मते मागतो. पैसा कुणाचा? आपल्याच कराचा. जयंतीला मोठी वर्गणी देतो आणि वर्षभर तोंड बंद ठेवायला लावतो. माझ्या पुतण्याला शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पाच वेळा खेटे घालावे लागले. खिडकीपलीकडचा बाबू म्हणाला, "सरकार फुकट देतंय, थोडं थांबायला काय झालं?" पोरगा खाली मान घालून परत आला. त्याची मान खाली गेली, तेच ते गवत. पीक उगवू न देणारे.

शिष्यवृत्ती हा उपकार नाही, हक्क आहे. आरक्षण ही भीक नाही, प्रतिनिधित्व आहे. तो पुतण्या आता सहाव्यांदा त्या खिडकीवर जाणार आहे. मी त्याला एवढेच सांगितले आहे, या वेळी मान वर ठेवून विचार, "साहेब, फुकट म्हणता ते मुळात होते कुणाचे?"